रंगीत काचेच्या दिव्यावरचा जुना रंग कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी घरांना रंग लागतो आणि लगेच आमच्याकडे ठरावीक प्रश्न यायला लागतात. झुंबरावर छताच्या रंगाचे शिंतोडे उडालेत, आजोबांच्या वेळच्या कंदिलाच्या काचा कोणीतरी ऑइल पेंटने रंगवून टाकल्यात, चोर बाजारातून आणलेल्या शेडवर रंगाचे थरावर थर आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तरी प्रश्न २ आणि ३ वाचल्याशिवाय काचेला हात लावू नका. चुकून निघालेला मूळ रंग परत मिळत नाही.

१. माझा दिवा नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे कसं कळेल?

काचा कशाने जोडल्या आहेत ते पाहा. तुकड्यांच्या दोन्ही बाजूंना सपाट, मऊ, करड्या धातूची पट्टी असेल आणि काच तिच्या खाचेत बसली असेल, तर ती शिशाची पट्टी. जोड गोलसर फुगीर असतील आणि रेषा नाजूक असतील, तर प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून वरून सोल्डर, म्हणजे जोडासाठी वितळवलेला मऊ धातू, ओढलेलं आहे. अमेरिकेतल्या टिफनी स्टुडिओचे दिवे याच पद्धतीचे, आणि आज बाजारात ‘टिफनी’ म्हणून मिळणाऱ्या शेडही. तिसऱ्या प्रकारात मोठ्या, बहुधा वाकवलेल्या काचा नक्षीदार धातूच्या सांगाड्यात बसवून आतून धातूचे कान दुमडलेले असतात. चौथा प्रकार म्हणजे जुन्या वाड्यांतल्या अखंड फुगवलेल्या रंगीत हंड्या.

पाचवी शक्यता प्लास्टिकची. नख वाजवून पाहा. काच थंड लागते आणि आवाज टणक येतो. प्लास्टिक असेल तर पुढचे बहुतेक उपाय विसरा: ॲसिटोनचा एक थेंबही ॲक्रिलिक धूसर करतो. कोमट पाणी, साबण आणि नख, एवढंच वापरा.

२. काचेवरचा रंग नंतर लागलेला आहे की मुळातलाच, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. ‘काळे डाग काढायचे आहेत’ म्हणून लोक फोटो पाठवतात आणि ते डाग म्हणजे पानाच्या शिरा किंवा चेहऱ्याच्या छटा निघतात.

काचेवर कारागीर जो रंग देतो तो दळलेली काच आणि लोखंड किंवा तांब्याचं ऑक्साइड यांचा असतो. तो लावून काच भट्टीत साधारण ६०० ते ६८० अंश सेल्सिअसला भाजली की रंग काचेत वितळून बसतो. तो काळा, तपकिरी आणि थोडा निस्तेज दिसतो. युरोपात चौदाव्या शतकापासून चांदीच्या क्षारांनी पिवळा रंगही देतात. तो तर काचेच्या आतच मुरलेला असतो. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या आणि राजाबाई टॉवरच्या खिडक्या जवळून पाहिल्यात तर अशी भाजलेली रंगकला कशी दिसते ते लक्षात येईल.

आता खूण. धातूच्या जोडरेषांकडे बघा. रंगाऱ्याचा ब्रश जोड पाळत नाही. रंग काचेवरून धातूवर आणि तिथून पुढच्या तुकड्यावर गेला असेल तर तो जोडकामानंतर लागलेला आहे. मूळ रंग मात्र तुकडे जोडण्याआधी दिलेला असतो, त्यामुळे तो पट्टीच्या खाली शिरताना दिसतो. शिवाय तो नक्षीला धरून असतो: पाकळीची कड, कपड्याची चुणी, अक्षर. टॉर्च बाजूने तिरका धरा. नंतरच्या थराला जाडी असते, ओघळ असतात, ब्रशचे केस अडकलेले असतात.

तिसरा प्रकार फसवा असतो: मूळचाच, पण न भाजलेला रंग. अमेरिकेत हँडल आणि पेअरपॉइंट या कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अखंड काचेच्या शेडच्या आतल्या बाजूने निसर्गदृश्यं रंगवली. तो रंग काचेच्या पृष्ठभागावर नुसता बसलेला असतो आणि थिनरने क्षणात निघून जातो. शेड एकसंध असेल आणि चित्र आतल्या बाजूला असेल तर कोणताही द्रावक लावू नका. रंग पापुद्रे धरत असेल तर ओलं फडकंही नको.

३. खात्री होत नसेल तर चाचणी कशी करायची?

दिवा टांगल्यावर दिसणार नाही असा कोपरा निवडा. इअरबड कोमट पाण्यात भिजवून तिथे हलक्या हाताने फिरवा. काही उतरलं नाही तर स्पिरिट, मग टर्पेंटाइन, आणि सर्वांत शेवटी ॲसिटोन. प्रत्येक वेळी नवा इअरबड घ्या, जागा वाटाण्याएवढी ठेवा आणि कापसावर काय उतरतं ते बघा. या सगळ्यांनी न हलणारा, नक्षीला धरून असलेला रंग बहुधा भाजलेला असतो. त्याला तसाच राहू द्या.

एक अपवाद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये काही कारागिरांनी रंगात टाकणखार जास्त घातला. असा रंग भाजलेला असूनही भुकटीसारखा सुटतो. म्हणून व्हिक्टोरियन काळातल्या काचेवर रेषा फिकट आणि तुटक दिसत असतील तर पाण्याची चाचणीसुद्धा करू नका. थेट प्रश्न १७ कडे जा.

४. जुन्या रंगात शिसं असतं असं ऐकलं. खरंच घाबरायचं का?

घाबरू नका, पण काळजी नक्की घ्या. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दशलक्ष भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या छटांत, शिसं आहे असंच धरून चाला.

कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारू नका, कारण धोका धुळीचा आहे. काम ओल्यानेच करा, खाली प्लास्टिकचा कागद पसरा, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि कामाचे कपडे वेगळे धुवा. लहान मुलं आणि गर्भवती स्त्रिया त्या खोलीत नकोत.

शिसं ओळखणाऱ्या चाचणीच्या काड्या मिळतात. काडी काचेच्या मधोमध असलेल्या रंगावर घासा. जोडाजवळ घासली तर ती पट्टीतल्या किंवा सोल्डरमधल्या शिशानेच रंग बदलेल आणि तुमचा गैरसमज होईल.

५. दिवा छतावरून न उतरवता काम करता येईल का?

पाच-सहा शिंतोडे असतील आणि हात सहज पोचत असेल तर करता येईल. तेही एमसीबी पाडून, बल्ब काढून आणि काच पूर्ण गार झाल्यावर. बाकी सगळ्या कामांना दिवा उतरवाच. उतरवताना एकाने शेड दोन्ही हातांनी खालून धरावी आणि दुसऱ्याने साखळी सोडवावी. खाली जाड रजई अंथरून त्यावर घुमट उपडा ठेवा. सगळा भार एका कडेवर येता कामा नये.

उतरवलाच आहे तर वायरही पाहून घ्या. कापडी किंवा रबरी आवरणाची जुनी वायर हात लावताच झडते. ती बदलल्याशिवाय आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग दिल्याशिवाय दिवा परत लावू नका.

६. छताच्या डिस्टेंपरचे आणि चुन्याचे शिंतोडे उडालेत. सगळ्यात सोपा उपाय?

डिस्टेंपर पाण्यानेच जातं. जुन्या बनियनचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि डागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग बांबूच्या काडीने कडेपासून उचला. प्लास्टिक इमल्शन पाण्याने फुगतं आणि पापुद्र्यासारखं निघतं, उरलेल्या कडेला स्पिरिट लावा. लांबीचे (पुट्टीचे) डागही याच पद्धतीने जातात, फक्त वेळ जास्त लागतो.

चुना चिवट असतो. तो भिजवा, काडीने उचला, पुन्हा भिजवा. लिंबू किंवा व्हिनेगर लावण्याचा मोह होईल. तो का टाळायचा ते प्रश्न १० मध्ये आहे.

७. पूर्ण काच ऑइल पेंटने रंगवलेली आहे. ती कशी मोकळी करायची?

एका वेळी एकच तुकडा हाती घ्या. सगळी शेड एकदम माखून ठेवू नका.

पातळ द्रावक जोडांत झिरपतो, म्हणून जेलसारखा दाट पेंट रिमूव्हर वापरा. कोणता, ते प्रश्न ११ मध्ये पाहा. नायलॉनच्या ब्रशने तो काचेच्या मध्यभागी लावा, जोडापासून दोन-तीन मिलिमीटर अंतर सोडा आणि वरून प्लास्टिकची पातळ फिल्म दाबून बसवा म्हणजे तो वाळणार नाही. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. पंधरा मिनिटांनी एक कोपरा उचलून बघा. रंग सुरकुतला असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या चपट्या काडीने बाजूला सरका. जोर लावावा लागत असेल तर अजून वेळ द्या. जाड थर एका दमात निघत नाहीत.

जोडालगतची उरलेली कड इअरबड आणि स्पिरिटने किंवा टोकदार बांबूच्या काडीने काढा. या कडेलाच अर्ध्याहून अधिक वेळ जातो आणि काम नीट झालंय की नाही तेही तिथेच कळतं. शेवटी डब्यावर सांगितलेल्या द्रावकाने, म्हणजे पाण्याने किंवा स्पिरिटने, काच दोनदा पुसा. रिमूव्हरचा अंश राहिला तर तो नंतर धातूवर डाग पाडतो.

८. ब्लेडने खरवडलं तर?

काच गुळगुळीत, सपाट आणि न रंगवलेली असेल तर चालतं. ब्लेड नवं कोरं घ्या, काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवा, ब्लेड जवळजवळ आडवं धरा आणि एकाच दिशेने ढकला. मागेपुढे घासलं की पात्याखाली अडकलेला कण ओरखडा काढतो. भाजलेल्या रंगावर, इंद्रधनुषी झाक असलेल्या काचेवर, सोनेरी नक्षीच्या हंडीवर आणि प्रश्न १४ मधल्या दुपदरी काचेवर ब्लेड नाहीच.

९. हीट गनने रंग पटकन फुगतो. दिव्यावर चालेल का?

नाही. दिव्यांत सर्रास वापरलं जाणारं ६०-४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ अंशांना मऊ पडायला लागतं आणि १९० पर्यंत पूर्ण वितळतं. हीट गन ५०० अंशांच्या वर सहज जाते. त्याआधीच काच एका बाजूने तापून तडकेल आणि रंगातलं शिसं वाफ आणि धुराच्या रूपाने तुमच्या नाकात जाईल. हेअर ड्रायरनेही काच एका बाजूने तापते, म्हणून तोही नको, आणि उकळतं पाणी तर नाहीच.

१०. व्हिनेगर, चिंच, टॉयलेट क्लीनर, कॉस्टिक सोडा यांपैकी काय वापरू?

यातलं काहीच नको. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल शिशाला खातं आणि त्यातून तयार होणारा क्षार विषारी असतो. चिंच आणि लिंबू तुलनेने सौम्य, पण सोल्डरवरची जुनी काळपट झाक घालवतात आणि ती पुन्हा तशी येत नाही. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल धातू कुरतडतं. कॉस्टिक सोडा ऑइल पेंट झटकन काढतो हे खरं, पण तो काचेचा पृष्ठभाग, भाजलेला रंग आणि सोल्डर यांनाही सोडत नाही.

सर्वांत मोठा इशारा गंज काढायच्या द्रवांबद्दल आहे. त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते काच तर खातंच, पण कातडीतून आत जाऊन हाडांपर्यंत इजा करतं, आणि सुरुवातीला दुखतही नाही. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती बाटली घरात आणू नका.

११. दुकानातला पेंट रिमूव्हर घेताना काय बघायचं?

मिथिलीन क्लोराइड, म्हणजेच डायक्लोरोमिथेन, असलेला रिमूव्हर मिनिटांत काम करतो, पण शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं. बंद खोलीत त्याने माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ पासून सर्वसामान्य ग्राहकांना रंग काढण्यासाठी तो विकायला बंदी आहे. बेन्झिल अल्कोहोलवर आधारलेला मिळाला तर तो घ्या. तो काही तास घेतो, पण काचेच्या कामाला संथपणाच बरा.

ॲसिटोन आणि एनसी थिनर छोट्या डागांसाठी ठीक आहेत. दोन्ही भडकणारे आहेत. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. शेजारच्या खोलीत देवापुढे निरांजन तेवत असेल किंवा गॅस चालू असेल तर काम गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत करा. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवून हे काम करण्यापेक्षा ऑक्टोबरपर्यंत थांबलेलं चांगलं.

१२. शेड रात्रभर बादलीत बुडवून ठेवली तर सगळं एकदम सुटेल ना?

रंगाबरोबर शेडही सुटेल. शिशाच्या पट्टीत काच घट्ट बसावी म्हणून खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची लांबी भरलेली असते, ती भिजून निघते आणि काचा खुळखुळायला लागतात. तांब्याच्या पट्टीमागे गोंद असतो, त्याचंही तेच. पट्टीआड पाणी राहिलं तर पुढे हिरवट क्षार बाहेर येत राहतात. बुडवायचीच असेल तर सुटी काढलेली काच बुडवा, जोडलेली नाही.

१३. काच खडबडीत आहे आणि रंग खळग्यांत बसलाय. तो कसा निघेल?

रिमूव्हरने मऊ करून जुन्या मऊ टूथब्रशने गोल गोल फिरवत. अगदी तळाशी राहिलेल्या कणांसाठी टूथपिक. ब्लेड, तारेचा ब्रश आणि भांड्यांची घासणी फक्त उंचवटे झिजवतात, खळग्यापर्यंत पोचत नाहीत. खळग्यांत थोडा रंग उरला तर दिवा लावून बघा. बऱ्याचदा पाठीमागून उजेड आला की तो दिसतही नाही, आणि मग तिथे थांबणं शहाणपणाचं.

१४. कोणत्या काचांच्या बाबतीत वेगळे नियम लागतात?

दुपदरी काच: गडद लाल आणि निळ्या काचेत पुष्कळदा बिनरंगी काचेवर रंगीत काचेचा पातळ पदर असतो. कड आडवी धरून पाहिली तर तो दिसतो. तिथला ओरखडा पांढरा दिसतो आणि कायमचा राहतो.

आरशाचे तुकडे: आपल्याकडच्या जुन्या कंदिलांत ते असतात. त्यांच्या पाठीवरचा तपकिरी किंवा लाल रंग हा चांदीच्या थराचं कवच आहे. तो काढलात तर आरसा गेला.

शिंपला: गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी कालवाच्या पातळ शिंपल्या लावलेल्या असतात, आणि तशाच शिंपल्यांचे दिवेही मिळतात. आम्ल शिंपला विरघळवतं आणि द्रावक त्यावरचं पॉलिश उतरवतो. ओल्या कापसापलीकडे जाऊ नका.

हौशी ग्लास कलर: काळ्या फुगीर लायनरच्या रेषांमध्ये भरलेले चकचकीत पारदर्शक रंग भाजलेले नसतात, ॲसिटोनने सगळं चित्र निघून जाईल. घरातल्याच कोणाच्या हातचं काम असेल तर आधी घरात विचारा.

१५. पितळी सांगाड्याला कोणीतरी चंदेरी रंग फासलाय. तोही काढता येईल?

येईल, पण आधी काचा बाहेर काढा. आतले कान सपाट पकडीने अगदी थोडे उघडा. जुनं पितळ पुन्हा पुन्हा वाकवलं की तुटतं. प्रत्येक काचेवर आणि तिच्या जागेवर चिकटपट्टीने एकच क्रमांक लावा. एकसारख्या दिसणाऱ्या काचा हाताने वाकवलेल्या असतात, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. मग सांगाड्याला जेल लावून प्रश्न ७ प्रमाणे रंग काढा. सांगाडा हलका, राखाडी आणि ठिसूळ असेल तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा आहे, त्याला सोड्याच्या पाण्यात टाकू नका.

रंग निघाला की लगेच पितांबरी हातात घेऊ नका. खाली मूळची तपकिरी झाक सापडली तर ती ठेवा. जुन्या दिव्याचा बराच देखणेपणा आणि बाजारातली किंमतही तिच्यात असते.

१६. काचांवर सगळीकडे काळा थर आहे. कोणी मुद्दाम रंगवलं असेल का?

तीन शक्यता आहेत. रॉकेलच्या काळातली काजळी असेल तर कोरड्या कापसावर काळं उतरतं. ती आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. दुसरी शक्यता ब्लॅकआउटची. १९७१ च्या युद्धात मुंबईत दिवे झाकले जात, खिडक्यांना काळे कागद लागत आणि गाड्यांच्या दिव्यांचा वरचा भाग काळा रंगवला जाई. घरात तशी आठवण सांगणारं कोणी असेल तर रंग काढण्याआधी फोटो घ्या आणि एखादा लहान तुकडा तसाच राहू द्या. माझ्या मते त्या तुकड्याचं मोल स्वच्छ काचेपेक्षा कमी नाही. तिसरी शक्यता प्रश्न २ मधल्या भाजलेल्या रंगाची.

१७. कोणत्या वेळी स्वतः न करता जाणकाराकडे द्यायचं?

काच तडकलेली किंवा जोडात हलत असेल, धातूवर पांढरी भुकटी धरली असेल, मूळ रंग सुटत असेल, सांगाड्यावर निर्मात्याचा शिक्का असेल, किंवा दिवा देवळातला, चर्चमधला, अग्यारीतला असेल तर. जाणकाराला विचारा: आधी चाचणी करणार का, कोणता द्रावक वापरणार, आधीचे आणि नंतरचे फोटो देणार का? पहिल्याच भेटीत ‘ॲसिडमधून काढून नवा करून देतो’ म्हणणाऱ्याकडे दिवा सोडू नका.

१८. रंग निघाल्यावर काचेला आणि जोडांना काय लावायचं?

काचेला काहीच नको. पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं. अमोनिया असलेले फवारे टाळा, ते तांबं आणि सोल्डरवरची झाक बिघडवतात. जोडांवर मेणाचा अगदी पातळ हात फिरवला तर चालतो. दिवा काही दिवस ठेवून द्यायचा असेल तर प्लायवूडच्या बंद खोक्यात नको. त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शिशावर पांढरी भुकटी आणते. परत लावताना एलईडी बल्ब घ्या. काच कमी तापते आणि जोडांवर ताण येत नाही.

१९. खरवडलेला रंग आणि चिंध्या कुठे टाकायच्या?

बेसिनमध्ये किंवा ओल्या कचऱ्यात नाही. द्रावकाच्या चिंध्या आधी मोकळ्या हवेत सुट्या पसरून वाळवा. तेलकट चिंध्यांचा गोळा करून ठेवला तर त्या आपोआप तापून पेटू शकतात. मग रंगाच्या लगद्यासह झाकणाच्या डब्यात भरा, वर ‘शिशाचा रंग’ असं लिहा आणि घरगुती घातक कचरा म्हणून कचरा गाडीवाल्यांकडे वेगळा द्या.

२०. पुढच्या रंगकामात पुन्हा शिंतोडे उडू नयेत म्हणून काय करावं?

रंगारी येण्याच्या आदल्या दिवशी दिवा उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा. उतरवणं शक्यच नसेल तर बल्ब काढा, शेडवर आधी जुनी सुती चादर आणि तिच्यावर प्लास्टिक गुंडाळा आणि दोरी वर साखळीला बांधा, शेडला नाही. चिकटपट्टी काचेला किंवा सोल्डरला लावू नका. काम संपल्यावर प्लास्टिक त्याच दिवशी काढा, नाहीतर आत दमटपणा धरतो. तरीही एखादा थेंब पडलाच तर तो ओला असतानाच पुसा: पाण्याचा रंग ओल्या फडक्याने, ऑइल पेंट टर्पेंटाइनच्या बोळ्याने.